प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर

जर्मनीतल्या हेसन प्रांतात हादामार नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, सरकारी मनोरुग्णालय. 13 जानेवारी 1941 रोजी आइखबर्गच्या मनोरुग्णालयातून 30 रुग्णांना घेऊन पहिली बस तिथे आली. इमारतीच्या तळघरात त्यांना विषारी वायूने मारण्यात आलं. पुढच्या सात महिन्यांत त्याच तळघरात 10,072 माणसं मारली गेली. कोणी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण होते, कोणाला फेफरं येत असे, कोणी जन्मापासून मतिमंद होतं, कोणी नुसतंच म्हातारं आणि एकटं होतं.

या हत्यांसाठी एक नियम घालून दिलेला होता. गॅसच्या नळाचा व्हॉल्व्ह उघडणारा हात डॉक्टरचाच असला पाहिजे, असा तो नियम. म्हणून इथली उलटी मोजणी त्या व्हॉल्व्हपाशी येऊन थांबते. आधी वर्षं, मग महिने, मग तास आणि मिनिटं. प्रत्येक टप्प्यावर कोणता डॉक्टर उभा होता आणि त्याला काय करता आलं असतं, हे पाहायचं आहे. शेवटच्या दिवसाचे तास बसगणिक मागेपुढे होत. क्रम मात्र ठरलेला असे.

20 वर्षं आधी: 1920

पहिलं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली आहेत. युद्धाच्या काळात जर्मन मनोरुग्णालयांत सुमारे 70,000 रुग्ण उपासमारीने आणि त्यातून आलेल्या आजारांनी मेले आहेत. अन्न कमी पडलं तेव्हा सगळ्यात आधी त्यांचं ताट काढून घेतलं गेलं, आणि त्यावर फारसा गवगवा झाला नाही.

अशा वेळी दोन नामवंत प्राध्यापकांचं एक छोटं पुस्तक प्रसिद्ध होतं. कार्ल बिंडिंग हा कायदेपंडित, आल्फ्रेड होखे हा फ्रायबुर्गचा मनोविकारतज्ज्ञ. काही आयुष्यं जगण्याच्या लायकीची नसतात आणि ती संपवायला कायद्याने मुभा द्यावी, हे त्यांचं म्हणणं. होखे तर अशा रुग्णांना पोसण्याचा खर्चही मांडून दाखवतो. हे लिहिलं गेलं तेव्हा हिटलर म्युनिकमधल्या एका लहानशा पक्षाचा वक्ता होता. नाझी सत्तेवर यायला अजून 13 वर्षं होती. म्हणजे ही कल्पना कोणी बंदुकीच्या धाकाने डॉक्टरांच्या डोक्यात घातलेली नाही. ती विद्यापीठात जन्मली, आणि तिच्यावर एका डॉक्टरची सही होती.

7 वर्षं आधी: 1 जानेवारी 1934

आनुवंशिक रोग असलेल्यांना मुलं होऊ नयेत म्हणून जुलै 1933 मध्ये केलेला कायदा आजपासून लागू होतो. मतिमंदत्व, स्किझोफ्रेनिया, फेफरं, आनुवंशिक अंधत्व, बहिरेपण, गंभीर शारीरिक व्यंग, अगदी दारूचं व्यसनसुद्धा त्याच्या यादीत आहे. अशा माणसांची नावं कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक. निकाल देण्यासाठी खास न्यायालयं. प्रत्येक खंडपीठावर तीन जण, एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. मनोविकारतज्ज्ञ एर्न्स्ट रूडिन या कायद्याच्या भाष्यग्रंथाचा सहलेखक आहे.

या कायद्याखाली सुमारे 4 लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. नाव कळवणारा डॉक्टर, निकाल देणारे डॉक्टर, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या शरीराला हात लावायची सवय वैद्यकाला इथे लागली. पुढे जर्मनीतले सुमारे 45 टक्के डॉक्टर नाझी पक्षाचे सभासद झाले. इतर कोणत्याही सुशिक्षित पेशात हे प्रमाण एवढं नव्हतं.

17 महिने आधी: 18 ऑगस्ट 1939

गृहमंत्रालयाचं एक गोपनीय परिपत्रक निघतं. जन्मतः व्यंग किंवा मतिमंदत्व असलेल्या तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची माहिती डॉक्टरांनी आणि सुइणींनी कळवायची. सुइणीला प्रत्येक फॉर्ममागे दोन मार्क.

हे फॉर्म तीन डॉक्टरांकडे फिरत: व्हेर्नर काटेल, हान्स हाइन्झे आणि एर्न्स्ट व्हेन्ट्सलर. यातला काटेल लाइपझिगच्या बालरुग्णालयाचा प्रमुख. मुलाला न पाहता फॉर्मवर खूण करायची. अधिकचं चिन्ह म्हणजे मृत्यू. मग ते मूल एखाद्या ‘खास बालविभागा’त दाखल होई. नवीन उपचार होणार आहेत, असं आईवडिलांना सांगितलं जाई. तिथे ल्युमिनाल या झोपेच्या औषधाचे वाढते डोस दिले जात. मुलाला गुंगी येई, छातीत कफ साठे, न्यूमोनिया होई आणि काही दिवसांत ते मरे. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं की डॉक्टरला खोटं बोलल्यासारखंही वाटू नये, अशी ही रीत. म्युनिकजवळच्या एग्लफिंग-हार रुग्णालयाचा संचालक हेर्मान फानम्युलर याने तर औषधाऐवजी उपासमार पसंत केली. एकूण किमान 5,000 मुलं या विभागांत मारली गेली.

15 महिने आधी: ऑक्टोबर 1939

हिटलर आपल्या खाजगी कागदावर काही ओळी लिहून सही करतो. सही ऑक्टोबरची, पण तारीख टाकली आहे 1 सप्टेंबरची, युद्ध सुरू झालं त्या दिवसाची. आपल्या कचेरीचा प्रमुख फिलिप बूलर आणि आपला डॉक्टर कार्ल ब्रांट या दोघांना तो अधिकार देतो की, ज्यांचा आजार बरा होण्यासारखा नाही अशांना ‘दयामरण’ देण्याची मुभा ठरावीक डॉक्टरांना द्यावी.

हा कायदा नव्हता. तो कधी राजपत्रात छापला गेला नाही. आणि तो हुकूमही नव्हता. कोणत्याही डॉक्टरने मारलंच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. मारायचं असेल तर हरकत नाही, एवढंच आहे. नंतर न्यायालयांत वकिलांनी आज्ञापालनाची ढाल पुढे केली तेव्हा हाच कागद त्यांच्या आड आला.

त्याच महिन्यात मनोरुग्णालयांना फॉर्म जाऊ लागतात. एकेका रुग्णाचा एकेक फॉर्म, आणि तो भरायचा तिथल्या डॉक्टरने. आजार कोणता? किती वर्षं इथे आहे? वंश कोणता? भेटायला कोणी नियमित येतं का, कोण? खर्च कोण देतं? काम करतो का, कोणतं आणि कितपत? रकान्यांच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, काळ्या रेघेची एक रिकामी चौकट. ती भरणाऱ्या डॉक्टरसाठी नव्हती.

फॉर्म कशासाठी आहेत ते सुरुवातीला सगळ्यांना ठाऊक नव्हतं. काही रुग्णालयांच्या प्रमुखांना वाटलं, युद्धाच्या कामासाठी धडधाकट रुग्ण मागून नेणार. बागेत आणि धुलाईघरात राबणारी आपली माणसं जाऊ नयेत म्हणून त्यांनी ‘फारसं काम करत नाही’ असं लिहिलं. ज्यांना राखायला गेले, त्यांचंच नाव त्यांनी मृत्यूच्या यादीत घातलं. पण हा गैरसमज फार दिवस टिकला नाही. काही महिन्यांत पहिल्या गाड्या निघाल्या, मृत्यूचे कागद आले आणि डॉक्टरांना कळून चुकलं. त्यानंतरही फॉर्म भरले जात राहिले.

बर्लिनमध्ये टिअरगार्टनश्ट्रासे 4 या पत्त्यावर या कामाची कचेरी थाटली गेली, म्हणून या मोहिमेला पुढे ‘टी-4’ नाव पडलं. वैद्यकीय प्रमुख व्हेर्नर हाइडे, व्ह्यूर्ट्सबुर्ग विद्यापीठाचा मनोविकारशास्त्राचा प्राध्यापक.

12 महिने आधी: जानेवारी 1940

हाफेल नदीकाठच्या ब्रांडेनबुर्ग गावातला जुना तुरुंग. न्हाणीघरासारख्या दिसणाऱ्या एका खोलीत काही रुग्णांवर कार्बन मोनॉक्साइड वायूचा प्रयोग होतो. पाहायला ब्रांट आहे, आरोग्य खात्याचा सर्वोच्च डॉक्टर लेओनार्डो कोन्टी आहे, कचेरीचे अधिकारी आहेत. प्रयोग यशस्वी मानला जातो आणि इथून पुढे गॅस सोडायचं काम डॉक्टरच करेल असं ठरतं. तिथल्या डॉक्टरचं नाव इर्मफ्रीड एबेर्ल. वय 29.

नळ फिरवायला पदवी लागत नाही. ती अट एवढ्यासाठी की, डॉक्टर नळापाशी उभा असला की ती हत्या उरत नाही, ‘उपचार’ होतो. निदान बाकीच्या कर्मचाऱ्यांना तसं वाटून घेता येतं. वैद्यकाचा शेकडो वर्षांचा विश्वास इथे आडोसा म्हणून वापरला गेला, आणि तो वापरू देणारे डॉक्टर मिळाले.

याच महिन्यात श्वाबियन डोंगराळ भागातल्या ग्राफेनेक किल्ल्यात हत्या सुरू होतात. तिथला डॉक्टर होर्स्ट शुमान. मग ऑस्ट्रियात लिंत्सजवळ हार्टहाइम आणि ड्रेस्डेनजवळ पिर्ना गावातलं झोननश्टाइन. झोननश्टाइनचं नाव युरोपभर आदराने घेतलं जाई. 1811 साली तिथे मनोरुग्णांना साखळदंडात न ठेवता बरं करण्याचा प्रयत्न करणारं आदर्श रुग्णालय सुरू झालं होतं. तिथेच दहा वर्षांहून अधिक काळ संचालक असलेला पाउल नित्शे आता टी-4 च्या सर्वोच्च डॉक्टरांपैकी एक आहे.

6 महिने आधी: जुलै आणि ऑगस्ट 1940

ब्रांडेनबुर्गमध्ये लोथार क्रायसिग नावाचे एक न्यायाधीश आहेत. अनाथ आणि अपंग माणसांचं पालकत्व न्यायालयाकडे असतं, ते काम त्यांच्याकडे. आपल्या देखरेखीखालच्या माणसांच्या मृत्यूचे कागद एकामागून एक येताहेत हे त्यांच्या ध्यानात येतं. जुलैमध्ये ते न्यायमंत्र्यांना लिहितात की हा खून आहे. आपल्या परवानगीशिवाय कोणालाही हलवू नये, असं रुग्णालयांना बजावतात. मंत्री त्यांना हिटलरचा तो कागद दाखवतात. अशा कागदाने कायदा होत नाही, असं क्रायसिग तोंडावर सांगतात. त्यांना सक्तीने निवृत्त केलं गेलं. ते आपल्या शेतावर राहिले आणि युद्धानंतरही जगले.

31 जुलैला आर्न्सडोर्फच्या मनोरुग्णालयातून झोननश्टाइनला नेलेल्या रुग्णांत एल्फ्रीडे लोजे-व्हेख्टलर आहेत. त्या चित्रकार, वय 40. 1929 साली हाम्बुर्गच्या मनोरुग्णालयात असताना त्यांनी सोबतच्या रुग्ण बायकांची रेखाचित्रं काढली होती. थकलेले, हट्टी, भेदरलेले, हसरे, प्रत्येकीचा चेहरा वेगळा. पुढे त्यांना स्किझोफ्रेनियाचं निदान चिकटलं, 1935 मध्ये सक्तीची नसबंदी झाली आणि त्यानंतर चित्रं काढणं जवळजवळ थांबलं. कुटुंबाला कळवलेलं मृत्यूचं कारण होतं न्यूमोनिया आणि दुर्बळ हृदय. ज्या माणसांच्या फॉर्मवर डॉक्टरांना फक्त निदान दिसलं, त्यांच्यातल्याच एका बाईला आपल्या वॉर्डमधली प्रत्येक व्यक्ती वेगळी दिसली होती.

15 ऑगस्टला बर्लिनमध्ये एक बैठक होते. हाइडेने काही प्राध्यापकांना आणि रुग्णालयांच्या प्रमुखांना बोलावलं आहे. फॉर्म तपासायला आणखी माणसं हवी आहेत. ग्योटिंगेनचे प्राध्यापक गोटफ्रीड एवाल्ड सगळं ऐकून घेतात आणि सांगतात की हे आपल्याला तत्त्वतःच मान्य नाही. हाइडे त्यांना निरोप देतो. एवाल्ड उठून बाहेर पडतात, घरी जाऊन विरोधाचं सविस्तर टिपण लिहितात आणि हाइडेसकट वरिष्ठांना पाठवतात.

त्यांना अटक झाली नाही. त्यांची खुर्चीही गेली नाही. आपल्या रुग्णालयातले सगळे रुग्ण त्यांना वाचवता आले नाहीत, हेही खरं. पण नकार देणाऱ्याचं काय होतं, ते त्या दिवशी सर्वांसमोर स्पष्ट झालं. बैठकीतल्या इतरांना काम नको असतं, तर दार त्यांच्यासाठीही उघडंच होतं.

शेवटचे काही आठवडे: नोव्हेंबर आणि डिसेंबर 1940

फॉर्मच्या प्रती तीन-तीन परीक्षकांकडे टपालाने जातात. परीक्षक सगळे डॉक्टर, सुमारे 40. काहीजण नावाजलेले प्राध्यापक. हायडेलबर्गचा कार्ल श्नायडर त्यांतलाच. रुग्णाला कोणीही पाहत नाही. काळ्या चौकटीत लाल अधिक म्हणजे मृत्यू, निळं उणे म्हणजे जीवन, शंका असेल तर प्रश्नचिन्ह. शेवटचा निर्णय हाइडे किंवा नित्शेसारख्या मुख्य परीक्षकाचा. कामाचा मोबदला फॉर्मच्या संख्येवर. एग्लफिंग-हारच्या फानम्युलरने या काळात आपलं रुग्णालय सांभाळून तीन आठवड्यांच्या आत 2,000 हून अधिक फॉर्म निकालात काढले. दिवसाला शंभरावर माणसं.

हे डॉक्टर आपल्या शास्त्रात मागासलेले नव्हते. नित्शे आणि श्नायडर हे त्या काळचे सुधारक होते. रुग्णाला खाटेवर पडू देऊ नये, कामाला लावावं, नवे उपचार करून लवकर घरी पाठवावं, असा त्यांचा आग्रह. पण बरा होणारा रुग्ण हे ज्या डॉक्टरचं यश, त्याला बरा न होणारा रुग्ण आपला पराभव वाटू लागतो. बरे होतील त्यांच्यावर सगळा खर्च आणि उरलेले नाहीसे, असं स्वच्छ, आधुनिक मनोरुग्णालय त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. शिवाय मेलेल्यांचे मेंदू संशोधनाला मिळत होते. बर्लिनमधल्या कैसर व्हिल्हेल्म संस्थेचा युलियस हालरफोर्डेन असे मेंदू शेकड्यांनी गोळा करत होता.

डिसेंबरमध्ये ग्राफेनेक बंद होतं आणि तिथली माणसं हादामारला येतात. डॉक्टर एर्न्स्ट बाउमहार्डही त्यांच्यात आहे. तळघरातल्या एका खोलीला फरशा बसतात, भिंतीच्या कडेने भोकं पाडलेला पाइप जातो. पलीकडे दोन भट्ट्या. अंगणात तीन बसगाड्या मावतील असं लाकडी गॅरेज.

शेवटचे 24 तास

आइखबर्गला यादी आली आहे. तिथला संचालक फ्रीडरिख मेन्नेके स्वतः टी-4 चा परीक्षक आहे. ज्याच्या हवाली हे रुग्ण, तोच लाल अधिक काढणाऱ्यांतला एक. त्याने पत्नीला लिहिलेली पत्रं नंतर सापडली. आज किती फॉर्म उरकले आणि जेवायला काय होतं, हे तो एकाच दमात लिहितो.

आइखबर्गसारखी रुग्णालयं म्हणजे मधला थांबा. दूरदूरच्या संस्थांतून रुग्ण आधी इथे आणायचे, काही आठवडे ठेवायचे, मग हादामारला पाठवायचे. नातेवाईक चौकशीला येईपर्यंत माणूस दोनदा हललेला असे आणि माग लागत नसे.

नर्स सामानाची गाठोडी बांधतात. केसपेपर काढून वेगळा गठ्ठा होतो, तो बसबरोबर जाणार. कोण कोण हे ओळखू यावं म्हणून रुग्णांच्या पाठीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहितात. जे अस्वस्थ आहेत त्यांना झोपेचं औषध.

शेवटचे काही तास

राखी रंगाच्या बस येतात. खिडक्यांच्या काचा रंगवलेल्या, नाहीतर पडदे ओढलेले. गाड्या ‘सार्वजनिक रुग्णवाहतूक कंपनी’च्या, जी टी-4 नेच काढलेली. सुरुवातीच्या काळात काहीजण सहलीला निघाल्यासारखे चढले. पुढे रुग्णांनाही कळलं. काहीजण नर्सला घट्ट धरून ठेवत, काहीजण ओरडत, काहीजण आता आपण परत येणार नाही असं शांतपणे सांगून निरोप घेत. बौद्धिकदृष्ट्या ज्यांना कमी लेखलं होतं, त्यांना आपल्या डॉक्टरांचा डाव बरोबर समजला होता.

शेवटचा तास

बस टेकडी चढून गॅरेजात शिरते. दार मागून बंद होतं, मगच बसचं दार उघडतं. तिथून बंदिस्त वाटेने रुग्ण थेट इमारतीत. बाहेरच्या कोणाला कोणी दिसत नाही. आत नर्स आणि पुरुष परिचारक त्यांना कपडे काढायला मदत करतात. आंघोळ करायची आहे, असं सांगतात. अंगावर घालायला जुने लष्करी ओव्हरकोट देतात.

शेवटची मिनिटं

एकेक रुग्ण डॉक्टरच्या खोलीत येतो. टेबलावर त्याचा केसपेपर. इतक्या महिन्यांत ज्या डॉक्टरांनी त्याच्या मृत्यूचा निर्णय केला, त्यांच्यातला पहिला डॉक्टर आता त्याला समोरून पाहतो आहे. नाव विचारतो, केसपेपरशी ताडून पाहतो.

तपासणी होते, पण आजार शोधण्यासाठी नाही. डॉक्टरसमोर सुमारे 60 खोट्या कारणांची यादी असते. न्यूमोनिया, पक्षाघात, हृदयक्रिया बंद पडणं, अपेंडिक्सला सूज, रक्तात विषबाधा. माणसाच्या वयाला आणि प्रकृतीला शोभेल, घरच्यांना संशय येणार नाही, असं कारण निवडायचं. त्यासाठी वैद्यकीय ज्ञान खरोखरच लागतं. पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का ते बघावं लागतं. छातीचं दुखणं पूर्वी होतं का ते वाचावं लागतं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेलं निदान इथे उलटं वापरलं जातं. माणूस समोर जिवंत उभा असताना तो कशाने मेला ते ठरतं.

तोंडात सोन्याचे दात असतील तर अंगावर खूण करतात. मग फोटो. काही मिनिटांत सगळं आटोपतं आणि पुढचा रुग्ण आत येतो. ही शेवटची संधी होती. डॉक्टरने याच खोलीत मान हलवून नाही म्हटलं असतं, तर निदान समोरचा माणूस त्या दिवशी जिना उतरला नसता. अगदी थोड्या जणांना या खोलीतून मागे पाठवलं गेलं.

शून्य

तळघरातल्या फरशीच्या खोलीत एका वेळी साठेक माणसं कोंबली जातात. दार बंद होतं. शेजारच्या कोठडीत गॅसच्या टाक्या आहेत, लुडविग्सहाफेनच्या कारखान्यातून आलेल्या. डॉक्टर व्हॉल्व्ह उघडतो आणि भिंतीतल्या छोट्या काचेतून आत पाहतो. हालचाल थांबेपर्यंत पाहायचं, मग व्हॉल्व्ह बंद करायचा, हे त्याचं काम.

पुढचे तास आणि दिवस

खोलीतली हवा बाहेर काढली जाते. काही शवांचे मेंदू काढले जातात, खूण केलेल्यांचे दात. बाकी सगळं भट्टीत. धुराचा लोट हादामारच्या घरांवरून जातो.

वरच्या मजल्यावर टाइपरायटर चालू असतात. आपला माणूस अमुक आजाराने गेला, साथीच्या भीतीने दहन लगेच करावं लागलं, अस्थिकलश हवा असल्यास कळवावं. खाली डॉक्टरची सही, तीही खोट्या नावाने. हादामारचा डॉक्टर हान्स बोडो गोर्गास ‘डॉ. क्रामर’ म्हणून सही करी. एकाच गावात एकदम फार मृत्यू कळवले जाऊ नयेत म्हणून नकाशावर टाचण्या लावून हिशेब ठेवत. मृत्यूची तारीख पुढची टाकली की मधल्या दिवसांचे पैसे खर्च देणाऱ्याकडून वसूल होत.

तरी चुका झाल्या. अपेंडिक्स केव्हाच काढलेल्या माणसाचा मृत्यू अपेंडिक्समुळे झाल्याचं पत्र आलं. एका घरी दोन कलश आले. लोक एकमेकांशी बोलू लागले.

पुढचे महिने: उन्हाळा 1941

दहा हजारावा मृतदेह भट्टीत गेला त्या दिवशी हादामारच्या कर्मचाऱ्यांनी बिअर पिऊन तो साजरा केला. त्याच उन्हाळ्यात लिंबुर्गचे बिशप आन्टोनियुस हिल्फरिख न्याय मंत्रालयाला लिहितात की हादामारची शाळकरी मुलंसुद्धा या बस ओळखतात आणि भांडताना एकमेकांना तिथल्या भट्टीची भीती घालतात. ज्या गोष्टीला बर्लिनमध्ये राज्याचं गुपित म्हणत, ती गावातल्या पोरांच्या तोंडी होती.

3 ऑगस्टला म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन चर्चमधल्या व्यासपीठावरून या हत्यांना उघडपणे खून म्हणतात. त्यांच्या प्रवचनाच्या प्रती हातोहात देशभर जातात. 24 ऑगस्टला हिटलर गॅसने होणाऱ्या हत्या थांबवायला सांगतो. तोवर टी-4 च्या स्वतःच्या हिशेबानुसार सहा केंद्रांत 70,273 माणसं मारली गेली होती. उघड विरोधापुढे ही राजवट हलू शकत होती, हे इथे सिद्ध झालं. तो आवाज मात्र वैद्यकाच्या कोणत्याही संघटनेने काढला नव्हता.

आणि डॉक्टर थांबले नाहीत. 1942 च्या ऑगस्टपासून हादामारचा डॉक्टर आडोल्फ वाल्मान रोज सकाळी मुख्य नर्सबरोबर बसून त्या रात्री कोण मरणार ते ठरवी. रात्रपाळीच्या नर्स जादा डोस देत. असे आणखी सुमारे 4,400 जण गेले. काउफबॉयरेनच्या रुग्णालयात व्हालेंटिन फाल्टलहाउझरने चरबी आणि सत्त्व काढून टाकलेला खास आहार सुरू केला, ज्याच्यावर माणूस काही महिन्यांत मरे. तिथे चार वर्षांच्या एका मुलाला 29 मे 1945 रोजी मारण्यात आलं. जर्मनी शरण येऊन तीन आठवडे झाले होते. आज्ञा देणारा हिटलर मेला होता, हुकूम कोणाचाच नव्हता. डॉक्टर आणि नर्स होते.

एबेर्ल ब्रांडेनबुर्ग आणि बेर्नबुर्ग या हत्याकेंद्रांतून पोलंडला गेला आणि ट्रेब्लिंका या मृत्युछावणीचा पहिला प्रमुख झाला. शुमान आउशविट्झमध्ये क्ष-किरणांनी नसबंदीचे प्रयोग करत राहिला. ज्यूंच्या संहाराची यंत्रणा चालवणारी अनेक माणसं याच मनोरुग्णालयांत शिकून तयार झाली होती.

पुढची वर्षं

9 डिसेंबर 1946 ला न्यूरेंबर्गमध्ये डॉक्टरांवरचा खटला उभा राहिला. 23 आरोपी, त्यांत 20 डॉक्टर. कार्ल ब्रांटला 2 जून 1948 रोजी फाशी झाली. बहुतेकांचं मात्र नीट चाललं. गोर्गासची फाशी जन्मठेपेवर आली आणि 1958 मध्ये तो सुटला. काटेल 1954 मध्ये कीलच्या विद्यापीठात बालरोगशास्त्राचा प्राध्यापक झाला. हाइडे ‘डॉ. सावाडे’ या नावाने फ्लेन्सबुर्गमध्ये न्यायालयांना तज्ज्ञ म्हणून मत देत होता, आणि तो कोण आहे हे तिथल्या अनेक प्रतिष्ठितांना ठाऊक होतं. 1959 मध्ये तो स्वतःच शरण आला आणि 1964 मध्ये खटल्याच्या तोंडावर त्याने आत्महत्या केली. परीक्षकांपैकी काहीजण पुढे जर्मन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. त्या संघटनेने पीडितांची जाहीर माफी मागितली ती नोव्हेंबर 2010 मध्ये.

या मोजणीत कुठेही डॉक्टरच्या कपाळावर पिस्तूल नाही. ज्यांनी नकार दिला त्यांना त्याबद्दल कोणी मारलं नाही. कामाला लागलेल्यांना बढती होती, संशोधनाचं सामान होतं, शेजारच्या टेबलावरचा सहकारीही तेच करत होता, आणि आपल्या वाट्याला कामाचा एक छोटासा तुकडाच आला आहे ही सोय होती. कोणी फक्त फॉर्म भरला, कोणी फक्त चिन्ह काढलं, कोणी फक्त यादीवर सही केली.

त्या फॉर्मने विचारलं होतं: हा बरा होईल का, हा काम करतो का, याला भेटायला कोणी येतं का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील, तर त्या माणसाला डॉक्टरची गरज सगळ्यात जास्त असते. बरा न होणारा, कमवू न शकणारा आणि ज्याचं कोणी नाही असा रुग्ण समोर आला की वैद्यकाच्या नीतीची खरी परीक्षा सुरू होते. बाकी सगळं कौशल्य आहे. म्हणून एखाद्या माणसाचं मोल त्याला न पाहता, त्याच्या कामावरून आणि खर्चावरून ठरवणारा कागद कोणत्याही देशात, कोणत्याही काळात टेबलावर आला, तर डॉक्टरने त्या पहिल्या कागदालाच नकार दिला पाहिजे. हादामारचा व्हॉल्व्ह उघडायला एक डॉक्टर पुरला. त्याच्यापर्यंत बस पोचवायला मात्र शेकडो डॉक्टरांच्या सह्या लागल्या, आणि त्यांतली प्रत्येक सही नाकारता येण्यासारखी होती.